भूरीच्या जखमेचे माप

धार, ३ मे १९७९

या वहीत मला एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे, ती प्रारंभीच लिहिते. जनावर ही मालकाची वस्तू नव्हे. ज्याला वेदना होते, त्याला ती विनाकारण न होण्याचा हक्क आहे. आणि हा हक्क केवळ प्रवचनात नव्हे, तर धारच्या फौजदारी न्यायालयात उभा करून दाखविता येतो. हे माझे साध्य. जनावरांना क्रूरतेने वागविण्यास मनाई करणारा कायदा १९६० साली झाला, म्हणजे एकोणीस वर्षे तो अस्तित्वात आहे; उणीव आहे ती तो वाचणाऱ्यांची. दृष्टांत काल दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी तिरल्याच्या रस्त्याने माझ्याकडे चालत आला.

मी नाक्याजवळच्या लिंबाखाली उष्णतामापक घेऊन उभी होते. पारा एकेचाळीसावर होता. नियम असा की, सदतीस अंशांच्या वर उष्मा असता ओझ्याच्या जनावरास दुपारी बारा ते तीन कामास लावू नये. हा नियम मी ठाण्यात तीनदा वाचून दाखविला आहे. तिसऱ्या वेळी हवालदाराने विचारले, "माताजी, ये नियम आदमी के लिए भी है क्या?" प्रश्न गैरलागू होता. तरी त्याची नोंद करते.

भट्टीवरून विटा घेऊन चार गाढवे येत होती. शेवटच्या गाढवीच्या पाठीवरचे गोणपाट सरकले होते आणि खांद्याच्या उंचवट्यावर उघडी जखम दिसत होती. मी फूटपट्टी लावून मोजली: लांबी दीड इंच, रुंदी एक इंच. हाकणारा भेरूलाल, जातीने कुंभार, वय चाळिशीच्या आत. तो म्हणाला, "माई साब, भूरी चार दन से खाली चाली री थी. आज ज लादी. ठेकेदार नी मान्यो." भूरी हे त्या गाढवीचे नाव; चार दिवस ती रिकामी चालत होती, ठेकेदाराने ऐकले नाही म्हणून आज लादली.

"म्हणजे जखम आहे हे तुला ठाऊक होते," मी म्हणाले.

त्याने सरकलेले गोणपाट नीट केले. ठाऊक असताना ओझे लादले, म्हणजे गुन्ह्याला लागणारे ज्ञान सिद्ध झाले. ठाण्यातून बोलाविलेल्या हवालदाराने घाम पुसत पंचनामा केला आणि गाढवी जप्त झाली.

घरी आल्यावर प्रेमलाला सारे सांगितले. ती माझी धाकटी बहीण. यजमान वारल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. तिने पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "अडतीस वर्षं देवासला नि इथं मुलांना तर्कशास्त्र शिकवलंस, अक्का. आता गाढवच राहिलं होतं."

७ मे

प्राणिरक्षा समितीची बैठक. सभासद पाच, उपस्थित तीन, त्यांपैकी दोघे चहापुरते. तक्रार दाखल झाल्याचे मी निवेदन केले. एका सभासदाने सुचविले की, गाढवाऐवजी गाय असती तर वर्तमानपत्रात चांगली जागा मिळाली असती. मी विचारले की, वेदनेचे मोजमाप प्राण्याच्या प्रतिष्ठेवरून करावे असे आपले मत आहे काय. ते म्हणाले, "तसं नाही हो, अक्कासाहेब, पण लोक..." वाक्य अर्धेच राहिले. या गावात बहुतेक मते अशीच अर्धी राहतात.

कायद्यात लिहिले आहे की, अशा जनावरास सरकारने नेमलेल्या शुश्रूषागृहात ठेवावे. सरकारने ते या जिल्ह्यात नेमलेलेच नाही. म्हणून गाढवी कांजी हाउसात, म्हणजे मोकाट गुरांच्या कोंडवाड्यात आहे. तेथील रखवालदार विठोबा. त्याचे आजोबा दरबाराच्या पागेत होते, हे तो प्रत्येक भेटीत सांगतो.

जखम: दीड इंच, एक इंच. बदल नाही.

११ मे

जनावरांचे डॉक्टर अरविंद मोहिते आले. देवासच्या औद्योगिक वसाहतीतल्या फोरमनचा मुलगा. मराठी बोलतो, परंतु वाचताना अडखळतो, म्हणून मी माझे टिपण त्यांना वाचून दाखविले. जखम पाहून ते म्हणाले, "मामूली है, अक्कासाहेब. धुऊन पट्टी करतो. वरती बोजा नाही ठेवला तर आठ-दहा दिवसांत भरून येईल."

"पहिली तारीख एकवीसची आहे," मी म्हणाले. "तोपर्यंत भरून आली तर न्यायालयाने काय पाहायचे?"

"माझं सर्टिफिकेट आहे ना."

प्रमाणपत्रात त्यांनी 'साधारण घाव' असे दोन शब्द लिहिले होते. दोन शब्दांवर कोणी शिक्षा देत नाही. छायाचित्र मी परवाच काढून घेतले होते. त्यात जखम शाईच्या ठिपक्यासारखी दिसते. तेव्हा उरतो तो एकच मार्ग: न्यायाधीशांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे. आणि जे पाहावयाचे ते पाहण्याच्या क्षणी अस्तित्वात असले पाहिजे.

डॉक्टर टोपी काढून डोके खाजवत राहिले. "पर वो तो ज़ख्म है न, अक्कासाहेब. कोई कागज थोडी है."

भावना समजण्यासारखी आहे. पण तो युक्तिवाद नव्हे. पट्टी मी करू दिली नाही.

१४ मे

माझा अर्ज मंजूर झाला. त्यात मी अशी मागणी केली होती की, न्यायालयाची पाहणी होईपर्यंत सदर जखमेत कोणीही, कोणत्याही द्रव्याने, फेरफार करू नये व ती आहे त्या स्थितीत राखावी. दंडाधिकाऱ्यांनी न वाचता 'यथास्थिति' असे लिहून सही केली. न वाचता केलेली सही मला रुचत नाही, परंतु ती माझ्या बाजूने होती.

एका बाजूस एका गाढवीची आणखी सात दिवसांची वेदना. दुसऱ्या बाजूस कुक्षीपासून नेमावरपर्यंत ओझे वाहणाऱ्या सर्व जनावरांच्या उपयोगी पडेल असा निवाडा. हा तोल मी कोणत्या अधिकाराने केला असे कोणी विचारले, तर माझ्यापाशी उत्तर आहे. ते उत्तर मला आवडत नाही.

२१ मे

दंडाधिकारी रजेवर. पुढची तारीख ४ जून.

भेरूलालच्या वतीने तुकोजीराव वकील उभे आहेत. १९५५ सालच्या वर्गात ते पहिल्या बाकावर बसत आणि हेत्वाभासांची नावे पाठ करून उदाहरणे विसरत. व्हरांड्यात वाकून नमस्कार केला आणि माझ्या हातातले छायाचित्र मागून घेतले. ते उजेडात धरून म्हणाले, "बाई, हा डाग गाढवावर आहे की फोटोवर?" कारकून हसले. मी म्हणाले की, पाहणी झाली म्हणजे कळेल.

"पाहणी होईल हो. जखम तोवर थांबली पाहिजे."

ते विनोदाने बोलले असे मी धरून चालते.

२६ मे

आज अक्षर वाईट येत आहे; कारण संताप.

आज सकाळी कांजी हाउसात गेले तो जखमेवर हळद. तेलात कालवून चांगली जाड थापलेली. मी विठोबाला विचारले. तो इकडेतिकडे पाहू लागला आणि शेवटी म्हणाला, "भेरू येतो, बाईसाहेब. भट्टीवर जाता-जाता, रोज. भाकरीचा तुकडा देतो, पाठ खाजवतो. दोन-तीनदा हळद लावली. मी म्हटलं, जानवर का मालिक है, मना कैसे करूँ?"

"आदेश आहे म्हणून."

"आदेश तर गाढवीला वाचता येत नाही ना, बाईसाहेब."

आरोपीने पुराव्याला हात लावणे ही गोष्ट किती गंभीर आहे, हे या गावात एका मनुष्यालाही समजू नये? मी थेट नगरपालिकेत जाऊन लेखी तक्रार दिली. दुपारपर्यंत हुकूम निघाला: भेरूलालला आत सोडू नये. पालिकेतून काही काम एका दिवसात झाल्याचे मी प्रथमच पाहिले.

बाहेर पडताना तो फाटकाशी उभा होता. डोक्यावरचा फेटा हातात घेतला होता. "माई साब, म्हने गलती करी, सजा दई दो. पण वा म्हारा हाथ से ज खावे हे. छोटी सी थी जद से."

मी त्याला सांगितले की, शिक्षा देणे न्यायालयाचे काम आहे, माझे नव्हे.

जखम हळद पुसून मोजली. दोन इंच. हळदीने चिघळली, हे उघड आहे.

१ जून

प्रेमला दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. घरात शांतता आहे. वाचन मात्र होत नाही.

४ जून

दंडाधिकाऱ्यांची देवासला बदली. त्यांच्या जागी येणारे अद्याप हजर झाले नाहीत. पुढची तारीख २५ जून.

पेशकाराला, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या कारकुनाला, मी विचारले की, एका गाढवीच्या पाठीकडे पाहण्यास राज्य सरकारला आणखी किती दिवस लागतील. त्याने पान थुंकले आणि म्हणाला, "माताजी, यहाँ तो आदमी सात-सात साल से खड़े हैं." हा मनुष्य माझ्या प्रत्येक प्रश्नाला दुसरा अन्याय दाखवून उत्तर देतो. दोन अन्याय एकमेकांना छेद देत नाहीत. त्यांची बेरीज होते. हे त्याला समजावून सांगण्यात पाऊण तास गेला.

स्थानिक साप्ताहिकात बातमी आली आहे: 'गधी की पैरवी में प्रोफेसर'. प्रेमलाने ती कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटविली. निदान बोलू तरी लागली.

९ जून

गाढवी खात नाही. बरगड्या मोजता येतात. चाऱ्याच्या प्रतीविषयी मी पालिकेला आजवर तीन पत्रे लिहिली, आज चौथे. चारा मी स्वतः हातात घेऊन पाहिला: जुना, काळा पडलेला, धुळीचा.

विठोबा म्हणाला, "चारा खराबच आहे, बाईसाहेब, पण शेजारची म्हैस खातेच आहे. भेरू यायचा बंद झाला, त्या दिवसापासून हिने तोंड फिरवलं. उसके हाथ की आदत है."

मी त्याला शांतपणे समजाविले की, एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली एवढ्यावरून पहिली तिचे कारण ठरत नाही. त्याच सुमारास उष्मा वाढला, माश्या वाढल्या, पाण्याची टाकी फुटली. यांपैकी कारण कोणते, हे निश्चित करण्यास प्रत्येक घटक वेगळा करून पाहावा लागेल.

"मग भेरूला एक दिवस आत सोडून बघा ना," तो म्हणाला.

ते हुकुमाविरुद्ध झाले असते.

हा प्रसंग जेवताना प्रेमलाला सांगितला. ती भात वाढता वाढता थांबली. "तुझ्या तर्काला भूक लागत नाही ना, अक्का. म्हणून तुला कळत नाही."

जखम: अडीच इंच. हळद लागून आता दोन आठवडे झाले. तेव्हा वाढीचे कारण हळद म्हणता येत नाही. अन्य कारण शोधले पाहिजे.

१८ जून

जखमेत किडे पडले आहेत.

गाढवी भिंतीला टेकून उभी असते. बसली तर उठताना पाय थरथरतात. साडेतीन इंच. मोजताना तिने कातडी अशी आकसून घेतली की, पट्टी माझ्या हातातून पडली.

तेथूनच न्यायालयात गेले आणि माझा १४ मेचा अर्ज मागे घेण्यासाठी नवा अर्ज दिला. पेशकार म्हणाला की, आदेश न्यायालयाचा आहे, तो न्यायालयच उठवील. न्यायालय कोठे आहे, मी विचारले. तो म्हणाला, ते २५ तारखेला येईल. प्रभारी साहेब आहेत ना, त्यांच्यापुढे ठेवा. प्रभारी साहेबांनी फाइल न उघडताच परत पाठविली. दुसऱ्याच्या प्रकरणात ते हात घालीत नाहीत. मी म्हणाले की, जनावर मरत आहे. ते सभ्यपणे म्हणाले, "तो फिर केस ही नहीं बचेगा, माताजी. आप चिंता क्यों करती हैं?"

संध्याकाळी डॉक्टर मोहिते घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "अक्कासाहेब, तुम्ही फक्त हो म्हणा. मी उद्या सकाळी जातो, साफ करतो, दवा भरतो. विठोबा आपलाच माणूस आहे. कोणाला कळणार?"

"मला कळेल," मी म्हणाले.

त्यांनी चहा तसाच ठेवला.

न्यायालयाचा आदेश स्वतः मिळवायचा आणि स्वतःच चोरून मोडायचा, तर मग भेरूलालमध्ये आणि माझ्यात भेद काय राहिला? हा युक्तिवाद मी तीनदा तपासला. त्यात दोष सापडत नाही. झोप मात्र लागली नाही.

२५ जून

नवे दंडाधिकारी वेळेवर आले. तरुण, कडक इस्त्रीचे, प्रामाणिक दिसणारे. प्रकरण पुकारताच म्हणाले, जनावर हजर करा.

भूरी चालत येऊ शकली नाही. विठोबाने तिला हातगाडीवर घालून आणले. न्यायालयाच्या आवारात वकील, पक्षकार, उसाचा रस विकणारा, सारे गोळा झाले. दंडाधिकारी पायऱ्या उतरून खाली आले, पाठीवरचे फडके बाजूला केले आणि तोंड फिरवून उभे राहिले. पाच इंच. आत हाड दिसते.

मग ते भेरूलालकडे वळले. इतका तिरस्कार मी मनुष्याच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिला आहे. "ऐसे आदमी के हाथ में जानवर देना ही जुर्म है."

तुकोजीराव पुढे झाले. जखम जप्तीच्या वेळी लहान होती, सरकारी ताब्यात वाढली, असे ते म्हणाले. दंडाधिकारी म्हणाले, "साबित कीजिए. फोटो है?" तुकोजीरावांनी माझ्याकडे पाहिले. छायाचित्र माझ्या पिशवीत होते. त्यात शाईचा एक ठिपका आहे. तो कितीचा, हे त्यावरून कोणालाही सांगता येणार नाही.

दंडाधिकाऱ्यांनी तेथेच आदेश दिला. हिला जिवंत ठेवणे हीच क्रूरता आहे. कायद्याने दिलेल्या अधिकारात तात्काळ नष्ट करावी, डॉक्टरांनी इंजेक्शन द्यावे. निकाल ४ जुलैस. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाले, "माताजी, आप जैसे लोग हर ज़िले में हों तो इन बेज़ुबानों का कुछ हो."

भेरूलाल हातगाडीचा दांडा धरून उभा होता. तो हळू आवाजात म्हणाला, "माई साब, तमने तो नापी थी. तमारी पट्टी से. तम ज बोलो, कितरी थी?"

दंडाधिकारी पायऱ्या चढून गेले होते. मला कोणी साक्षीला बोलाविले नव्हते. मी बोलले नाही.

२६ जून

वही प्रथमपासून वाचली. मापे वेगळ्या कागदावर उतरवून काढली. दीड. दीड. दोन. अडीच. साडेतीन. पाच.

शिकविताना मी म्हणत असे की, सर्वांत घातक चूक अनुमानात नसते, ती गृहीतकात असते. कारण तेथे कोणी पाहत नाही. जखम ही दगडासारखी वस्तू आहे, तिला कोणी हात लावला नाही तर ती आहे तशी राहील, असे मी गृहीत धरले. जखम ही वस्तू नव्हे. ती प्रत्येक घटकेस भरत असते किंवा चिघळत असते. मधली जागा नाही. जी स्थिती मुळात नाहीच, ती राखण्याचा आदेश मी मागितला आणि तो मला मिळाला. हे मोहित्यांना ११ मे रोजी ठाऊक होते. विठोबाला ठाऊक होते. हळद घेऊन येणाऱ्याला तर होतेच.

दहा वाजता न्यायालयात जाऊन जखम कशी वाढली याचे निवेदन दिले. पेशकार म्हणाला, चार तारखेला ठेवतो. नष्ट करण्याचा आदेश मात्र तात्काळ आहे.

तेथून चालत जनावरांच्या दवाखान्यात. मोहिते माझ्याकडे न पाहता सिरिंज उकळत होते. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, माझ्या अर्जात 'पाहणी होईपर्यंत' असे शब्द आहेत. पाहणी काल झाली. म्हणून यथास्थितीचा आदेश कालच संपला. दुसरी, मारण्याच्या आदेशात उपचार करू नयेत असे कोठेही म्हटलेले नाही.

त्यांनी सिरिंज खाली ठेवली. "और मारने का ऑर्डर?"

"त्याविषयी माझ्यापाशी युक्तिवाद नाही."

ते हसले. प्रथमच. मग टेबलाशी बसून न्यायालयास पत्र लिहिले: आवश्यक औषध दवाखान्यात शिल्लक नाही; इंदूरहून मागविले आहे; जीप नादुरुस्त असल्याने पोहोचण्यास आठवडा लागेल. पत्र माझ्या हाती दिले. त्यात तीन विधाने होती आणि तिन्ही असत्य होती. जीप खिडकीबाहेर चालू उभी होती. मी पत्र दोनदा वाचले आणि परत दिले.

विठोबाला चिठ्ठी लिहिली की, भेरूलालविरुद्धची माझी तक्रार मी मागे घेतली आहे. त्याला आत सोडावे. पालिकेत त्याची प्रतही दिली. हुकूम काढण्यास त्यांना अर्धा दिवस लागला होता. रद्द करण्यास किती लागेल ते सांगता येत नाही, असे कारकून म्हणाला. विठोबा वाट पाहत बसला नाही.

२९ जून

ती खाते आहे.

मोहिते रोज दोनदा जातात. आज मी गेले तेव्हा भेरूलाल तिचे डोके मांडीशी धरून बसला होता आणि भिजविलेल्या भाकरीचे बोटाएवढे तुकडे तिच्या ओठांत सारीत होता. विठोबाने माझ्याकडे पाहिले. पागेतल्या आजोबांचा उल्लेख आज केला नाही.

मी जवळ गेले, तशी भूरी मान मागे घेऊन भिंतीला चिकटली. भेरूलाल वर न पाहता म्हणाला, "माई साब, जरा आघी हट जाओ. वा तमसे डरपे हे."

माझ्या हातात सवयीने फूटपट्टी होती.

४ जुलै

न्यायालयात माझे निवेदन वाचले गेले. मापांचा कागद आणि ही वही मी स्वतः पुढे ठेवली. दंडाधिकारी पाने उलटीत होते. मराठी त्यांना येत नव्हते. आकडे वाचता येत होते.

तुकोजीराव माझी उलटतपासणी घेण्यास उठले. मी त्यांना ओळखते. त्यांनी चांगली तयारी केली होती. "बाई, एवढंच सांगा. पंचवीस तारखेला न्यायालयानं जी जखम पाहिली, ती भेरूलालनं केलेली होती का?"

"नाही."

"मग कोणी केली?"

"आदेशाने. आदेश माझ्या अर्जावर झाला."

पुढचे प्रश्न त्यांच्या हातातल्या कागदावर लिहिलेले मला दिसत होते. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि बसले. मुलगा मोठा झाला आहे.

दंडाधिकारी चिडले, आणि ते रास्त होते. "माताजी, आप आखिर किसकी तरफ से हैं? शिकायत भी आपकी, बचाव भी आपका."

"गाढवीच्या," मी हिंदीत सांगितले. मागे कोणीतरी खो-खो हसले. मी पुढे सांगितले की, मूळ गुन्हा खरा आहे: पारा एकेचाळीसावर होता आणि दीड इंचाच्या जखमेवर विटा लादल्या होत्या. तेवढ्याची समज भेरूलालला मिळाली पाहिजे. त्याहून अधिकाची नाही. आणि ठेकेदाराचे नाव त्या पंचनाम्यात असावयास हवे होते, ते मी घातले नाही.

आदेश: मारण्याचा हुकूम रद्द. भेरूलालला समज देऊन सोडले. जनावर मालकाच्या ताब्यात. डॉक्टर लेखी सांगेपर्यंत ओझे लादू नये. दंडाधिकाऱ्यांनी या वेळी मला काही म्हटले नाही. पंचवीस तारखेच्या स्तुतीपेक्षा हे मला बरे वाटले.

व्हरांड्यात भेरूलाल समोरून आला. मला वाटले थांबेल. त्याने फेट्याला हात लावला आणि पुढे गेला.

१२ जुलै

मोहिते सांगून गेले की, जखम चार इंचांवर आली. ती जगेल, परंतु पाठीवर पुन्हा ओझे कधी चालणार नाही. भेरूलालकडे आता तीन गाढवांचे काम आणि चार गाढवांचा चारा. ठेकेदाराने त्याच्या खेपा कमी केल्या आहेत. समितीतर्फे त्याला काही मदत द्यावी असा ठराव मी मांडला; सभासदांनी तो पुढील बैठकीवर टाकला. बैठकीची तारीख ठरलेली नाही. उद्या मी त्यांच्या घरी जाऊन बसणार आहे, प्रत्येकाच्या, सही होईपर्यंत.

प्रेमलाने विचारले, "मग तुझं ते सिद्ध झालं का?"

झाले नाही. खोटेही ठरले नाही. पक्ष खरा असून तो मांडणाऱ्यानेच बिघडविला, अशी उदाहरणे मी वर्गात देत असे. मुले ती लिहून घेत. वहीच्या प्रारंभी जे सिद्ध करण्याचे म्हटले होते, त्याखाली आता पुढील मजकूर असावा, म्हणून लिहिते.

मी, सुमंगला जगदेवराव निंबाळकर, राहणार धार, कोणी न मागता लिहून देते की, जी वस्तू नव्हे असे सिद्ध करण्यास मी निघाले, तिला दहा आठवड्यांपैकी सहा आठवडे मी पुरावा म्हणून उभी ठेवली. डॉक्टर भरून काढावयास तयार असताना ती जखम मी अर्ज करून उघडी राखली. ही चूक न्यायालयाची नव्हे, पालिकेची नव्हे, उष्म्याची वा माश्यांची नव्हे. भेरूलालने केलेली जखम दीड इंच होती. उरलेली साडेतीन इंच माझी आहे.

सुमंगला निंबाळकर
धार, १२ जुलै १९७९